बियाणं एका घरात ठेवू नका

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तवा उतरवू नका, आमचं बोलणं तव्याच्या आवाजातही ऐकू येतं.

मृग पंधरा दिवसांवर आलाय. कुणी शेणखत टाकतंय, कुणी धसकटं वेचतंय, कुणाच्या घरात बियाण्याच्या पैशावरून रोज वाजतंय. म्हणून आज बियाण्यापासूनच सुरू करतो. खरं तर आमच्या एका चुकीपासून.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सीना नदीपासून दोन-अडीच किलोमीटरवर. गावाच्या कडेनं ओढा जातो आणि पुढे सीनेला मिळतो. गावातल्या पाच बचत गटांनी मिळून चार वर्षांपूर्वी बियाण्याची बँक काढली. बँक म्हणजे एका ताईंच्या घरातली मागची खोली आणि तिच्यात पत्र्याच्या सहा कोठ्या. मालदांडी ज्वारी, गावरान तूर, हुलगा, मटकी, कारळं, जवस, अंबाडी. शेरभर बी न्यायचं आणि सुगीला सव्वा शेर परत आणून घालायचं. व्याज धान्यातच.

घर आम्हीच ठरवलं होतं. बैठकीत दोन तास चर्चा केली. सिमेंटचं घर, फरशी बसवलेली, दाराला कुलूप. उंदराचा विचार केला, सोंड्याचा केला, चोराचा केला. ओढ्याचा केला नाही. त्या ओढ्यात भर श्रावणातही गुडघाभर पाणी नसायचं. आमच्या डोक्यात तयारी म्हणजे दुष्काळाची तयारी, हेच पक्कं बसलेलं होतं.

आणि ते उगाच बसलेलं नव्हतं. 2012 ला पाऊस गेला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हातातोंडाशी आलेल्या ज्वारीवर आणि हरभऱ्यावर गारा पडल्या. त्याच वर्षी पुढे खरिपाला पाऊस रुसला, 2015 ला परत रुसला. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी, साडेतीनशे किलोमीटरवरून. आमच्यातल्या काही जणी तेव्हा नवीन लग्न होऊन आल्या होत्या. हातावरची मेंदी गेली नव्हती आणि डोक्यावर हंडा आला होता. टँकर येईल त्या वेळी घरी असायचं, म्हणून रोजगार बुडायचा. पाण्याची वाट बघण्याचा पगार कुणी देत नाही.

त्या वर्षांत एक गोष्ट मात्र आम्ही बघितली. चार एकर सगळंच्या सगळं सोयाबीन केलेली घरं आधी मोडली. सोयाबीन खाता येत नाही, विकावंच लागतं. ते गेलं की दुकानातून ज्वारी आणायलाही पैसे नाहीत, आणि जनावराला कडबाही नाही. ज्या घरात सासूबाईंनी हट्टानं दोन तास ज्वारी, चार ओळी तूर, बांधाला अंबाडी ठेवली होती, तिथं निदान भाकरी-आमटी सुटली नाही.

याच सुमाराला धाराशिव, लातूर भागात एक एकर शेतीचं बोलणं सुरू झालं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पडलेली गावं परत बांधताना बायांना संवाद सहायक म्हणून उभं करण्याचं काम प्रेमा गोपालन आणि त्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं केलं होतं. दुष्काळात त्याच संस्थेच्या गावांतल्या बायांनी घरच्या रानातलं अर्धा-एक एकर स्वतःच्या हातात मागून घेतलं. काय पेरायचं ते बाई ठरवणार, आधी घरच्या पोटाचं, मग बाजाराचं. खत, औषध शक्यतो घरचं. त्या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्काराचं नंतर कळलं. आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या बायांचं रान बघायला गेलो होतो. एका एकरात अठरा-वीस प्रकार. आधी हसलो. मग घरी येऊन मागायला लागलो.

मागणं सोपं नव्हतं. "चार बुकं शिकली की रान मागायला लागली," असं ऐकून घेतलं. कुणी चुलत्याला विचारून सांगतो म्हणालं. शेवटी मिळालं ते कसलं? मुरमाड. माळाच्या कडेचं, जिथं नांगर लावला की ठिणगी उडते असलं. काळं रान सोयाबीनला आणि उसाला, माळ बायकांना. आम्ही घेतलं. नाही म्हणालो असतो तर तेही मिळालं नसतं.

त्या मुरमाडाशी आम्ही चार वर्षं झुंजलो. बांधावर गाळ टाकला. शेणकाला केला: दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. हे जीवामृत एका एकराला पुरतं. पहिल्या वर्षी काय पिकलं ते सांगायला लाज वाटते. दुसऱ्या वर्षी हुलगा आणि मटकी घरी पुरून उरली. तिसऱ्या वर्षी एका वहिनीनं मेथी-कोथिंबिरीवर पोराची शाळेची फी भरली, आणि घरात कुणाला विचारलं नाही. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता गेल्या वर्षीच्या सप्टेंबरावर येतो. 2025, घटस्थापनेचा आठवडा. तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय, त्यामुळं वर्णन करत बसत नाही. सीना एवढी भरली की ओढ्याचं पाणी नदीत शिरायला जागाच राहिली नाही. ते माघारी फिरलं. हे आम्हाला माहीत नव्हतं. पूर म्हणजे पाणी वरून खाली येतं असं आम्ही धरून होतो. ते खालून वर, गावाकडं आलं, रात्री, आवाज न करता. परंडा, भूम भागात माणसांना काढायला हेलिकॉप्टर आलं, बोटी आल्या. आमच्या गावात माणूस गेलं नाही. जनावरं गेली. दाव्याला बांधलेली होती म्हणून गेली. मोकळी असती तर पोहून निघाली असती. एका मावशीची दुभती म्हैस गोठ्यातच मेली. दावं कापायला विळा शोधेपर्यंत पाणी छातीला लागलं होतं.

आणि आमची बियाण्याची बँक. सहाच्या सहा कोठ्या पाण्यात. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा खोलीत आंबट वास होता. ज्वारीला कोंब फुटून पांढऱ्या मुळ्यांचा गोळा झाला होता. ज्या ताईंचं घर होतं त्या दारात बसून रडल्या. आमची चूक, आमचं ठरवणं, आणि रडत होत्या त्या.

मग बियाणं परत कुठून आलं? आमच्या गावात एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. बँक काढली तेव्हा त्यांनी बी द्यायला साफ नकार दिला होता. "माझं बी माझ्या उतरंडीला," म्हणाल्या. आम्ही त्यांना जरा हटवादी समजलो, खोटं का बोलावं. त्यांच्या घरी मडक्यात राखेत कालवलेली तूर, हुलगा आणि तांबडी अंबाडी निघाली. आढ्याला, चुलीच्या धुरावर, ज्वारीची कणसं टांगलेली. त्या आजींनी पाचही गटांना मूठ-मूठ बी दिलं. देताना एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. नुसत्या हसल्या, ते जास्त लागलं.

आता कुठलंही बी आम्ही एका जागी ठेवत नाही. प्रत्येक जातीचं बी चार घरांत. दोन घरं गावठाणातल्या उंच बाजूची, एक माळावरच्या वस्तीवरचं, एक आजींचं. कोठी जमिनीवर नाही, फळीवर किंवा माळ्यावर. कोणतं बी कोणाकडं, हे गटाच्या वहीत, आणि वहीचा फोटो तीन मोबाइलमध्ये. कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि राख. नवीन काही नाही यात. पण नवीन-जुन्याच्या वादात आम्ही चार वर्षं घालवली होती.

पुरानंतर दुसरी एक गोष्ट दिसली, तिचा विचार तर कुणीच केला नव्हता. ओढ्याकाठचं काळंभोर रान खरडून गेलं. वर नुसते गोटे राहिले. सोयाबीन जागेवर कुजलं. आणि माळाचं मुरमाड? त्यातून पाणी निथळून गेलं. बाजरी आडवी झाली, मटकी काळी पडली, पण तूर उभी राहिली, हुलगा आला, अंबाडी तर विचारूच नका. दिवाळीला आमच्यातल्या काही घरांत जे काही धान्य होतं ते त्या माळाचं होतं. ज्या घरमालकांनी ते रान नको म्हणून दिलं होतं, त्यातल्या एकानं यंदा विचारलं, "ते तुझं वरचं रान या वर्षी मी करू का?" वहिनी म्हणाल्या, "बघू, अर्ज करा."

मुरमाड रान चांगलं आणि काळं वाईट असं आम्ही म्हणत नाही. पावसानं ताण दिला असता तर माळ आधी करपला असता आणि काळ्यानं तारलं असतं. कोणत्या वर्षी काय येईल ते आता कुणालाच सांगता येत नाही. एकाच हंगामात जूनमध्ये ताण आणि सप्टेंबरात पूर हे आम्ही बघितलंय. म्हणून थोडं वर, थोडं खाली, थोडं खायचं, थोडं विकायचं. काळ्या रानातही यंदा आम्ही घरच्यांच्या मागं लागलोय की सोयाबीन सपाट पेरू नका, रुंद सरी-वरंब्यावर पेरा. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर तीच सरी ओल धरते. ते यंत्र मिळालं नाही तर दर चार-सहा ओळींनंतर एक सरी तरी काढा.

आता कागदाचं बोलतो. हे ऐकायला रूक्ष आहे, पण भाकरी झाली असेल तर जरा बसून ऐका.

पुरानंतर पंचनामे झाले. मदतीचे निकष ठरलेले असतात. गेल्या वर्षीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे 33 टक्के किंवा जास्त पीक गेलं तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000. जमीन खरडून गेली तर लहान शेतकऱ्याला हेक्टरी 47,000. दुभती म्हैस किंवा गाय गेली तर 37,500, शेळी 4,000. राज्य सरकार वरून काही भर घालतं, ते त्या त्या वेळी ठरतं. पुरेसे आहेत का हे वेगळं बोलणं आहे. पण हे पैसे जातात कोणाच्या खात्यावर? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या.

आमच्या गटातल्या एक ताई. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. अडीच एकर रान त्या एकट्या करतात. नांगरट ठरवण्यापासून पोती भरेपर्यंत सगळं त्याच बघतात. पंचनाम्याची यादी लागली तेव्हा त्यांच्या गटापुढं नाव होतं त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन अकरा वर्षं झालेली. नवऱ्याचंही नाव लागलं नव्हतं, मग त्यांचं कुठून लागणार? मेलेल्या माणसाचं बँकेत खातं नाही, आणि जिवंत बाईचं सातबाऱ्यावर नाव नाही. ताई चार वेळा तालुक्याला गेल्या, चार वेळचं भाडं आणि चार दिवसांचा रोजगार घातला. पाचव्या वेळी आम्ही सात जणी सोबत गेलो. तेव्हा खुर्ची मिळाली आणि अर्ज कुठं द्यायचा ते कळलं. वारस नोंद आता झाली आहे. मदत अजून यायची आहे, आम्ही मागं लागलोय.

तुमच्यापैकी किती जणींचं असंच असेल? नवरा, सासरा, वडील वारले असतील आणि नाव चढलं नसेल तर पावसाळ्याच्या आधी उठा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडं अर्ज द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा, आठ-अ. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग नोंद मंजूर होते. गेल्या वर्षी सरकारनं जिवंत सातबारा नावाची मोहीम काढली होती, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. अर्ज दिला की पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

यात दुसरीही एक अडचण येते, ती घरातली. वारसांमध्ये बायकोचं आणि मुलींचं नाव लावायचं की नाही यावर भावकी बसते. "बहिणीचं हक्कसोड करून घेऊ," हे ठरलेलं वाक्य. बहिणीनं काय करायचं ते बहिणीला ठरवू द्या. सही करायच्या आधी कागद वाचून घ्या, आणि वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीला बोलवा. लाजू नका.

ज्यांचे मालक हयात आहेत त्यांच्यासाठीही वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली होती, बायकोच्या नावानं जमीन करून देण्याची. 1992 मध्ये शासनानं लक्ष्मीमुक्ती योजनेचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. इतकी वर्षं झाली, आमच्या पाच गटांतल्या अठ्ठावन्न जणींपैकी नऊ जणींची नावं सातबाऱ्यावर आहेत, आणि त्यातल्या सहा विधवा आहेत. म्हणजे धनी गेल्यावर नाव लागतं, असताना नाही. आमच्या एका मावशीच्या मालकांनी म्हटलं, "नाव कशाला लावायचं, रान तुझंच आहे की." मावशी म्हणाल्या, "माझंच आहे तर लिहा की मग." अर्ज अजून दिलेला नाही, पण तीन दिवस घरात कुणी तो विषय काढत नव्हतं, म्हणजे लागलंय कुठंतरी.

नाव लागेपर्यंत काय करायचं? ई-पीक पाहणी. पेरणी झाली की मोबाइलवर रानात उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंदवायचं. बहुतेक घरांत मालक बांधावर उभे राहून सोयाबीनचा एक फोटो काढतात आणि संपलं. आपलं एक एकर त्यात येतच नाही. कागदावर तिथं काही पेरलेलंच नसतं, मग गेलं तरी काय गेलं म्हणणार? मिश्र पीक म्हणून नोंदवायची सोय त्यात आहे. मोबाइल हातात घ्या आणि स्वतः माळावर जा. आमच्यातल्या दहावी-बारावीच्या मुली हे पाच मिनिटांत करतात. त्यांना चहा पाजा.

आणि पाण्याच्या रात्रीची तयारी. ही आम्ही थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी वेगळी असते. आधार, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खुंटीवर, आणि घरातल्या लहान पोरालाही ती कुठं आहे हे माहीत पाहिजे. गोठ्यात विळा टांगलेला. पाणी वाढतंय असं वाटलं की आधी दावी सोडायची. जनावराच्या कानातला बिल्ला दिसेल असा फोटो आजच काढून ठेवा. घडीच्या कपड्यांत आपले पाळीचे कपडे किंवा पॅड ठेवा. शाळेत चार दिवस राहावं लागलं तेव्हा ही गोष्ट मागायला कुणाचं तोंड उघडेना आणि वाटप करणाऱ्यांच्या यादीत ती नव्हती. गटाचं दप्तर एकीच्या घरी असेल तर त्याचाही फोटो. आमच्या एका गटाचं दप्तर भिजलं आणि कोणी किती कर्ज फेडलं यावर महिनाभर बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. पुरानं जेवढं मोडलं नाही तेवढं त्या वहीनं मोडलं असतं. ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून त्या वेळी काही जणींना लगेच हातउसने मिळाले म्हणून सावकाराचं दार टळलं. तुमच्या ग्रामसंघात तो निधी किती आहे आणि कोणत्या ठरावानं मिळतो, हे अडचण यायच्या आधी विचारून ठेवा.

आता शेवटचं, बियाण्याचंच. घटात धान पेरताना आपण बघतोच, कुठलं बी दाट उगवलं, कुठलं विरळ. तीच गोष्ट आता पेरणीच्या आधी करायची आहे. गेल्या वर्षी भिजलेलं, ओल धरलेलं बी पुष्कळ घरांत आहे. वरून चांगलं दिसतं, आत मेलेलं असतं. शंभर दाणे मोजा. गोणपाट ओलं करा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी उघडून मोजा. सोयाबीनचे सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरा. साठ-पासष्ट उगवले तर बी थोडं वाढवा. पन्नासच्या खाली असेल तर ते बी पेरू नका, कुणी कितीही भरवसा दिला तरी. सोयाबीनचं साल नाजूक असतं, पोती आपटू नका. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्याच पावसावर पेरून मोड आलेलं बी करपताना आम्ही दोनदा बघितलंय.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता पाचही गटांची बैठक मारुतीच्या पारावर आहे. येताना आपापली गोणपाटाची गुंडाळी घेऊन या, सगळ्यांसमोर उघडू आणि मोजू. ज्यांच्याकडं हुलग्याचं जास्तीचं बी असेल त्यांनी शेरभर आणा. आजी येणार आहेत, राखेचं प्रमाण त्या सांगतील.